चार बोटांची उंची

मी, खाली सही करणारी, वय सत्त्याहत्तर, धंदा मधमाश्या पाळणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं वकिलांनी सांगितलं. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. तशी हिंमत कोणात असेल तर त्यानं पुढे यावं, मलाही बघायचंय. शाळा दुसरीपर्यंत झाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ ज्याचं त्यानं लावून घ्यावं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. दोन्ही मुलांना एकेकटं गाठून "सगळं तुझ्याच नावावर आहे" असं मी सांगत आले, ते मृत्युपत्र धरू नये. ते औषध होतं. वेळेवर दिलं की घर शांत झोपायचं.

कलम १. घराच्या पुढच्या दोन खोल्या थोरल्या मुलाला, मागच्या दोन धाकट्याला. मधलं स्वयंपाकघर दोघांचं. तिथं भिंत घालायची नाही. भांडायचं तर तोंडासमोर भांडावं. भिंतीआडून भांडलं की अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं माणूस मनानं भरतो.

कलम २. बँकेत जे निघेल ते लेकीला. तिनं जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही आणि एकही उलट उत्तर चुकवलं नाही. माझीच आहे, यात शंका नको.

कलम ३. माझ्या जावेनं आमची लांब शिडी एका दिवसासाठी म्हणून नेली, तेव्हा माझा धाकटा रांगत होता. आता त्याला टक्कल पडलंय. ती शिडी मी या मृत्युपत्रानं जावेला देत आहे. म्हणजे निदान आता तरी ती तिची होईल.

कलम ४. मधाच्या पेट्या सगळ्या घराच्या मिळून. माश्यांना वाटणी कळत नाही, आणि कळली तरी त्या मानणार नाहीत.

कलम ५. आता गाडी. इतका वेळ सगळे गप्प बसून ऐकताहेत ते हिच्यासाठीच, हे मला मेल्यावरही दिसतंय.

चारही चाकांना जोर असलेला हा जुना ट्रक आमच्या ह्यांनी एका रस्ते बांधणाऱ्या ठेकेदाराकडून घेतला. बहर आला की पेट्या वरच्या माळावर न्याव्या लागतात, आणि वाटेत दगडाधोंड्यांचा ओढा आहे. दुसरी कुठलीच गाडी तो ओलांडत नाही. ह्यांचा एक नियम होता. गाडी ओढ्यात शिरली की कोणी बोलायचं नाही, मागच्या पेट्यांचा आवाज ऐकायचा. गुणगुण एका सुरात असली तर ठीक. सूर चढला की धक्के जास्त बसताहेत, वेग कमी करायचा. माझं बोलणं ह्यांनी इतकं मन लावून कधी ऐकलं नाही.

हे गेले, आणि पुढे ओझं वाहून वाहून गाडीला तोलून धरणारे स्प्रिंगचे कमानदार पाटे सपाट झाले. गाडी बसली. एका बहराला थोरल्यानं ती ओढ्यात घातली, तोंडानं राजकारण चालू, आणि मधल्या मोठ्या दगडावर गाडीचं पोट टेकलं. चाकं गरागरा फिरताहेत, गाडी जागची हलत नाही. एक पेटी उलटली. पुढचं लिहीत नाही; थोरला बरेच दिवस पालथा झोपत होता, एवढं पुरे.

तेव्हापासून घरात एकच विषय, गाडी उंच कशी करायची.

थोरल्याचं म्हणणं, चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे बसवायचे. बॉडी वर येते, एका दिवसाचं काम. येते की. पण दगडाला लागतं ते पोट चासीला टांगलेलं आहे, ते होतं तिथंच राहतं. उंच टोपी घातली म्हणून कोणाचे पाय लांब झालेले मी पाहिले नाहीत.

धाकट्याचं म्हणणं, ठोकळे खाली घालायचे, पाटा आणि चाकांचा धुरा यांच्यामध्ये, चारही चाकांना. मागच्या धुऱ्याला एक वेळ चालतं. पुढच्याला घातला तर जोरात ब्रेक मारताना ठोकळा निसटायला बघणार, आणि निसटला की स्टिअरिंग हातात आणि गाडी मर्जीनं. "माझ्या मित्रानं केलंय, आई." त्या मित्राची गाडी मी पाहिली आहे. तिच्यात कोंबड्या राहतात.

थोरल्या सुनेनं मोबाइलवर बघून तिसरंच काढलं, पाट्याचं टोक चासीला जोडणारी जी कडी असते, शॅकल, तीच लांब घालायची. लोहार म्हणाला, गाडी वर येईल, पण पोटभर जेवलेल्या व्याह्यासारखी रस्ताभर डुलेल.

मी सकाळी थोरल्याला म्हणायचे, तुझंच बरोबर. संध्याकाळी धाकट्याला तेच. कोणी म्हणेल म्हातारी दुतोंडी. आहे. त्यामुळे झालं काय, की आपल्या पद्धतीशिवाय दुसऱ्याच्या पद्धतीनं गाडीला हात लागू नये म्हणून दोघंही पहारा देत बसले. भावाभावांच्या भांडणाइतकं मजबूत कुलूप बाजारात मिळत नाही.

आता ऐका. गाडी उंच होऊन दोन बहर झाले.

थोरला मध विकायला परगावी होता आणि धाकटा दाढ काढून आडवा पडला होता, तेव्हा धाकटी सून आणि मी गाडी लोहाराकडे घेऊन गेलो. त्यानं पाटे उतरवले, तडकलेले बाजूला काढले, बाकीचे तापवून त्यांना पुन्हा कमान आणि पाणी दिलं, आणि प्रत्येक जुडीत एक नवा पाटा घातला. शॉकअप आणि ब्रेकच्या नळ्याही लांब घातल्या, नाहीतर उंची चढते आणि नळी ताणून तुटते. गाडी चार बोटं वर आली. लोहारानं विचारलं, "आज्जी, अजून चार बोटं चढवू?" मी म्हटलं, "मला ओढा ओलांडायचाय बाबा, ढग नाही."

घरात कोणाला कळलं नाही. तरुणपणी होती तेवढीच ती झाली, म्हणून डोळ्यांत भरली नाही. दारापाशी माझ्यासाठी एक पायरी जोडून घेतली, तर मुलं समजली की म्हातारीचे गुडघे आणखी गेले. पुढच्याच बहरात थोरला ओढा पार करून आला आणि म्हणाला, "बघितलंस आई? याला म्हणतात हाताचं कसब." दुसऱ्या खेपेला धाकट्यानं नेली. परत आल्यावर तो म्हणाला, दादानं घासली असती, मी कशी अलगद काढली. धाकटी सून आमच्याकडे पाठ करून भांडी घासत होती. ती पाठ हसत होती.

दोन्ही खेपांना ती मागं पेट्यांपाशी बसून गेली होती. त्या दिवशी ती मला एवढंच म्हणाली, "आत्याबाई, पेट्या आता एका सुरात असतात." ओढ्यात गप्प बसून ऐकणारं ह्यांच्यानंतर हे एकच माणूस.

म्हणून ही गाडी, किल्ली, कागद आणि जॅकसकट, मी माझ्या धाकट्या सुनेला देत आहे. तिच्या नवऱ्याला नव्हे, तिला. या घरात आजवर तिच्या नावावर फक्त कामं होती. ती पायरी काढू नये. माझे गुडघे तिलाच आठवले होते, आणि गुडघे तिलाही आहेत.

दोन्ही मुलांना ताकीद. झालेल्या उंचीवर आणखी ठोकळे चढवाल, वरचे किंवा खालचे, तर गाडी ओढ्यात आडवी होईल आणि तुम्ही तिच्यात असाल. मला तुमची तोंडं वर इतक्या लवकर बघायची नाहीत.

कलम ६. माझ्या मागून येणाऱ्या पहिल्या बहराला गाडी धाकटी सून चालवील आणि दोन्ही मुलं मागं पेट्यांपाशी बसतील. पलीकडच्या काठाला चाकं लागेपर्यंत जो तोंड उघडेल, त्यानं त्या बहराचा सगळा मध एकट्यानं गाळायचा. दोघांनी फक्त ऐकायचं. आवाज एका सुरात आला तर समजावं, म्हातारीचं बरोबर होतं. सूर चढला तर सुनेनं वेग कमी करावा. तरीही म्हातारीचंच बरोबर होतं.

हे सगळं मी दोन साक्षीदारांसमोर वाचून दाखवलं आणि त्यांच्यादेखत सही केली. सही वाकडी आहे, पण माझी आहे.

साक्षीदार पहिला: लोहार. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असं वकील म्हणाले, म्हणून त्याला काही देत नाही. मधाची बरणी तो आधीच घेऊन गेलाय.

साक्षीदार दुसरी: शेजारीण. तिला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं आणि दोन बहर ती कुठं बोलली नाही. वकिलांनी हे वेगळं नोंदवून घ्यावं, पुढं कोणाचा विश्वास बसणार नाही.

ठिकाण: मधलं स्वयंपाकघर, जिथं भिंत घालायची नाही.

दिनांक: ९ फेब्रुवारी. दोन्ही मुलं बाहेर गाडीपाशी भांडताहेत, तेवढ्यात उरकलं.

(सही)
पेट्यांवाली आज्जी