चार नंबरची पाचर

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार

मंजुळाचं बोट वाचलं. हातमोज्याचं नाही वाचलं.

पत्रा दाबायच्या चार नंबरच्या प्रेसमध्ये मोज्याचं मधलं बोट अडकलं, तुटलं आणि चपटं होऊन खालच्या साच्यात, डायमध्येच राहिलं. मोजा ढगळ होता, म्हणून नुसतं कापडच गेलं. मंजुळा मोजा उलटसुलट करून बघत बसली आणि मग चक्क हसली. घाम मला फुटला.

तसाच केबिनमध्ये गेलो. काळूशेठनी मानसुद्धा वर केली नाही. म्हणाले, "रिकामाच होता ना मोजा? मंग बोंबलतंस कशाला?"

रिकामा होता म्हणे! भरलेला असता म्हणजे बोंबलायला परवानगी होती वाटतं.

२३ सप्टेंबर

राग उतरत नाही. लिहूनच काढतो.

प्रेसला दोन बटणं असतात, डावं आणि उजवं. दोन्ही एकदम दाबली तरच दट्ट्या खाली येतो. म्हणजे दट्ट्या येताना माणसाचे दोन्ही हात बाहेर. ज्याने कोणी हे डोकं लढवलं, त्याला बायकापोरं असणार. आमच्याकडे जूनमध्ये मोठी ऑर्डर आली आणि शेठनी डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकून घेतली. बटण कायमचं दाबलेलं. डावा हात पत्रा आत सरकवायला मोकळा, उजव्या हाताने धाडधाड बटण. तासाला चारशेचे सहाशे नग निघायला लागले. तेव्हापासून दट्ट्या आणि मंजुळाचा डावा हात यांच्यामध्ये फक्त तिचं लक्ष आहे. आठ तास.

शेठना स्वतःला डाव्या हाताची करंगळी नाही. तरुणपणी, दुसऱ्याच्या कारखान्यात गेली. विषय काढला की तोच हात नाचवतात — "माझी गेली तवा मी काय मेलो?"

२६ सप्टेंबर, शुक्रवार. सुट्टी.

नंदा म्हणते, एवढं खुपतंय तर सोडून द्या नोकरी. सोडून द्या! बाबांना अटॅक आला तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स मिळेना. शेठनी स्वतः गाडी काढली, बाबांना मागच्या सीटवर आडवं घालून मानपाड्यापासून माजिवड्याच्या हॉस्पिटलपर्यंत हॉर्न दाबून नेलं. बाबा आज चालतात-फिरतात. या माणसाला मी तोंड वर करून काय बोलू? चीड याचीच येते. नुसता वाईट असता तर सोपं होतं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज यंत्रांची पूजा. शेठचा एक नियम आहे — पूजेला यंत्र मोकळं पाहिजे. चिंधी नको, दोरी नको, काही बांधलेलं नको. त्यांच्या आईची शिकवण. तिचं शेत गेलं त्या जागेवर हा कारखाना उभा आहे, त्यामुळे तिच्या शब्दापुढे कोणी जात नाही.

म्हणून चार नंबरची पाचर मी काढली. सरळ उपटली! शेठनी सोवळं नेसून चारही प्रेसना हळद-कुंकू लावलं. दोन्ही बटणांना लावलं. डाव्यालासुद्धा. नारळ फोडला, डोळे मिटून हात जोडले. चार बोटांचा तो पंजा मी बघत राहिलो. काय मागत असेल हा माणूस त्या बटणाकडे?

पाचर सुपरवायझरच्या टेबलाला माझा ड्रॉवर आहे, त्यात ठेवली. पुरावा असू दे.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी शेठ म्हणाले, "झाली पूजा. लाव परत."

म्हणालो, "नाही शेठ. मी नाही लावणार."

नऊ वर्षांत पहिल्यांदा! शेठ ओरडले नाहीत. म्हणाले, आजपासून तू डिस्पॅचला बस. त्यांचा भाचा विकी आता सुपरवायझर. त्याला प्रेसचं पुढचं-मागचं कळत नाही.

बसतो डिस्पॅचला. खोकी मोजतो. पण मान ताठ आहे.

५ ऑक्टोबर

नंदाला सगळं रंगवून सांगितलं. ती कणीक मळत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही सुटलात. मंजुळाचं काय?"

जेवलो नाही. बायकोवर भडकण्यासारखं ती काही बोलली नव्हती, तरी भडकलो.

८ ऑक्टोबर

चार नंबरचा आवाज डिस्पॅचपर्यंत येतो. ठोके परत भराभर पडायला लागलेत.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज राहवेना. जेवणाच्या सुट्टीत मशीनपाशी गेलो. डाव्या बटणात पाचर. आणि तीच पाचर! बाभळीची, वर पेन्सिलने लिहिलेला चारचा आकडा. माझ्या ड्रॉवरमधली. विकी म्हणतो, "काका, टेन्शन नको ना, तयारच पडलेली आत."

पुरावा म्हणे! एवढा पुरावा जपायचा होता तर कुलूप का नाही लावलं मी? जाळून का नाही टाकली?

सगळा राग मंजुळावर काढला. तू का बसतेस? नाही म्हणायला तोंड नाही का तुला? तिने डबा बंद केला, पदराला हात पुसले. म्हणाली, "साहेब, जूनमध्ये ही तुम्हीच ठोकलेली ना? विकीदादाने ठोकली असती तर मी बसलीच नसती. तुम्ही ठोकलीत, म्हटलं, साहेबांनी बघूनच केलं असेल."

पाचर उपटून खिशात घातली. चार वाजता ठोके परत भराभर. विकीने पुठ्ठ्याची घडी खुपसली होती.

घरी येऊन ही वही मागे चाळली. 'शेठनी पाचर ठोकून घेतली.' माझंच अक्षर. कोणाच्या हातून घेतली ते लिहिलंच नाही मी. लाकूड मी आणलं, मी तासलं, आकडाही मीच घातला, कारण मला सगळं नीटनेटकं लागतं. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. मग मी खोटं कोणासाठी लिहिलं?

१३ ऑक्टोबर, सोमवार

कल्याण. कारखाने तपासणाऱ्या सरकारी ऑफिसच्या बाहेर बाकावर बसलोय. पाचर डब्याच्या पिशवीत आहे. तक्रारीच्या अर्जात जबाबदार व्यक्तींची नावं लिहायची आहेत.

पहिलं माझं लिहिलं — साईनाथ धोंडीबा घुले, सुपरवायझर. शेठचं दुसरं.