वन्संच्या बरण्या

३ मार्च, सोमवार
आजही सुरू झाले नाही! दोरी सत्तावीस वेळा ओढली. अठ्ठाविसाव्या खेपेस ती उलट हिसकली आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या.

यंत्र गवत कापायचे. सांगाडा एका शाळेच्या मैदानावरून आलेला, पेट्रोलची टाकी दुसऱ्याच यंत्राची, मागची चाके बाबागाडीची. ही सगळी जुळवाजुळव वन्संची—माझ्या नणंदेची. त्यांची एकतीस वर्षे सार्वजनिक बागेच्या यंत्रशाळेत गेली. माझी जवळजवळ तितकीच तर्कशास्त्र शिकवण्यात. हे गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो, आणि यांच्या मोटारीची खोली आमचा कारखाना झाली.

आता कारखान्यात मी एकटी. अकरा महिन्यांपूर्वी वन्सं भाचीकडे राहायला निघून गेल्या. कारण मी.

यंत्र चालू झाले की त्यांना पत्र लिहायचे आणि परत या म्हणायचे, असे ठरवले आहे. त्याआधी नाही. रिकाम्या हाताने कसे बोलवायचे? (या विधानाची मी अद्याप छाननी केलेली नाही.)

४ मार्च, मंगळवार
दोरी अकरा वेळा. व्यर्थ.

७ मार्च, शुक्रवार
भंगारवाला जुनी पाती घेऊन आला होता. यंत्राकडे बघून म्हणाला, "बाई, अजून याच्याच मागे? याला आता पेन्शनीत काढा!" मग सहज, "मोठ्या बाईंची काही खबर?" मोठ्या बाई म्हणजे वन्सं. मी नाही म्हटले. त्याने जीभ चावली. त्या दिवशी तो इथेच होता.

काय घडले ते क्रमाने लिहिते; आजवर टाळले.

यंत्र आठवडाभर रुसलेले. दोरी मी ओढत होते, वन्सं झाकणावर तळहात टेकून, डोळे मिटून उभ्या. म्हणाल्या, "हिची वेळ चुकतेय." मी विचारले, कसली वेळ? उत्तर नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच—"वेळ चुकतेय, वहिनी." मला भर वर्गातला जुना आवेश चढला. प्लगला ठिणगी आहे. इंजिनात दाब आहे. पेट्रोलही पोचते आहे. मग इंजिन पेटत नाही याचा अर्थ ते पुरेसे पोचत नाही. म्हणजे कार्ब्युरेटरचे भोक तुंबले आहे. दुसरे काही संभवत नाही. इथे थांबायचे होते. थांबले नाही. "वन्सं, अंदाजाला पुरावा म्हणत नाहीत. तुमच्या तळव्याची साक्ष कोणी मागितली होती?"

भंगारवाला खो-खो हसला. वन्सं माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. एक अक्षर बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बॅग भरली.

पाठमोऱ्या वन्संना मी दारातून "थांबा" म्हटले. एकदाच. त्या वळल्या नाहीत. मी वाक्य दोनदा बोलत नाही—वर्गातही कधी बोलले नाही. मुली हे जाणून असत.

कार्ब्युरेटर तेव्हापासून चार वेळा उकलून धुतला. भोक आरपार स्वच्छ. पहिल्या वेळीही होते! हे मी आज प्रथम कबूल करते.

११ मार्च, मंगळवार
एक बोल्ट शोधण्यात सकाळ गेली.

वन्संच्या बरण्या फळीवर ओळीने आहेत, प्रत्येकीवर कागद चिकटवलेला: "बरे", "लंगडे", "हट्टी", "कोणाचे कोण जाणे". मी पूर्वी आक्षेप घेतला होता—वर्गीकरणाला एकच निकष हवा, शिवाय एखादा बोल्ट लंगडा आणि हट्टी दोन्ही असू शकतो. वन्सं म्हणाल्या होत्या, "असतात ना. तसली माणसं नाही बघितलीत?"

हवा असलेला बोल्ट लांबी-जाडीवरून शोधत बसले, सापडेना. शेवटी विचार केला, वन्संनी याला काय म्हटले असते? एका बाजूने आटे झिजलेले, पण बसला की सुटत नाही. हट्टी. तिसऱ्या बरणीत, सगळ्यांत वर!

मोठ्याने हसले. वंगणाचे हात धुवायला त्या साखर आणि साबण एकत्र चोळत. मी त्याला उधळपट्टी म्हणत असे. आज तसेच धुतले. वंगण निघाले, वास राहिला. तो घालवावासा वाटला नाही.

१६ मार्च, रविवार
सापडले. माझा पराभव सापडला!

दुसरे काही संभवत नाही असे म्हणून जे कधी उघडलेच नव्हते, ते आज उघडले—वरचे जड चाक. त्याच्या फिरण्यावर ठिणगी कधी पडायची ते ठरते. चाक आणि इंजिनाचा फिरता दांडा यांच्या खाचेत एक छोटा चौकोनी तुकडा असतो. कारागीर त्याला चावी म्हणतात. मुद्दाम मऊ धातूची, म्हणजे पाते दगडावर आपटले तर चावी तुटावी, दांडा वाचावा. आमची चावी अर्धी कापली गेली होती. चाक केसभर सरकलेले. ठिणगी पडत होती, पण वेळेआधी. म्हणून तर दोरी उलट हिसका देत होती.

हिची वेळ चुकतेय.

तीन शब्दांत संपूर्ण निदान. डोळे मिटून, तळहाताने केलेले. मी व्याख्या मागत होते.

नवी चावी आणायला निघाले होते, तेवढ्यात फळीच्या टोकाची बरणी दिसली: "मोडण्यासाठी". इतकी वर्षे समजत होते की त्यात मोडीत द्यायचे सामान आहे. आत नव्याकोऱ्या चार चाव्या, फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या.

१७ मार्च, सोमवार
दुसऱ्या ओढीला सुरू! खोलीभर धूर, फळीवरच्या बरण्या थरथरताहेत. मी वळून म्हटले, "बघा!"

कोणाला म्हटले?

दहा मिनिटे चालू ठेवले. मग बंद केले. या खोलीत इतकी शांतता असते हे आधी ध्यानात आले नव्हते.

१८ मार्च, मंगळवार
पत्राचा पहिला खर्डा चार पाने झाला. मुद्देवार, चुकीचे गृहीतक कोणते, ते कोठे शिरले, इत्यादी. वाचून पाहिला. त्यात मीच मला उत्तम गुण दिले होते! फाडला.

टाकले ते पत्र एवढेच: "वन्सं, तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं. घरी या."

२९ मार्च, शनिवार
अकरा दिवस, उत्तर नाही. रोज पोस्टमनच्या वेळेला मला फाटकाच्या बिजागरीला तेल घालायचे सुचते. बिजागरी आता लोण्यासारखी फिरते.

आज न राहवून भाचीला फोन केला. वन्संना दे म्हटले. ती घुटमळली.

"मामी, मावशी फोनवर नाही येत."

"रागावल्या आहेत का?"

"छे! तसं काही नाही. पण तुम्हाला सांगायचं नाही म्हणालीय."

"काय सांगायचं नाही?"

"अहो, तेच तर सांगायचं नाही ना, मामी!"

"पत्र मिळालं का, तेवढं तरी सांग."

"मिळालं. रोज वाचते. उशीखाली ठेवलंय."

रागावलेले माणूस पत्र उशीखाली ठेवत नाही. रागावलेले नसलेले माणूस फोनवर येते. दोन्ही विधाने खरी धरली तर निष्कर्ष निघत नाही. चाळीस वेळा जुळवून पाहिले.

अंगणातले गवत मुद्दाम कापलेले नाही. ते त्यांनी कापावे. आवाज ऐकून, हं, आता ठीक, असे म्हणावे. मला यापलीकडे काही नको आहे.

२ एप्रिल, बुधवार
पाकीट आले. वन्संचे अक्षर. पूर्ण उतरवून ठेवते:

"वहिनींना नमस्कार. माझं काय बरोबर होतं ते कळलं नाही. दीड वर्ष झालं, मला काही ऐकू येत नाही. तुम्हाला कळू दिलं नाही, तुम्हाला दोनदा बोलायला आवडत नाही म्हणून. त्या दिवशी तुमचे नुसते ओठ हलताना दिसले, आणि तो भंगारवाला हसत होता. तोंडावरून वाटलं, जा म्हणताय. म्हणून निघाले."