बस्त्यांव रॉड्रिग्ज यांच्या नावापुढचा आकडा

२ जानेवारी २०२५, गुरुवार

नव्या वर्षाचा संकल्प एकच. विकीवर आमच्या वाडीचं पान लिहून काढायचं. मुदत २६ तारीख. सरपंच गुरुप्रसाद काल स्पष्ट म्हणाले, की समुद्रावर पर्यटकांसाठी बोर्ड लागणार आणि विकीवर असेल तेवढंच त्यावर रंगवणार. "नेटवर आसा म्हटल्यार कोण भांडाचो नाय," असं त्यांचं मत. विचारी माणूस.

मुख्य वाक्य तयार आहे: "१९४६ च्या वादळात खडकावर फुटलेल्या पडावातील सात खलाशांना बस्त्यांव रॉड्रिग्ज यांनी रापणीचा दोर टाकून एकट्याने ओढून काढले." (पडाव म्हणजे शिडाचं मालवाहू गलबत, रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं; हे मुलांना दर वर्षी सांगावं लागे.) बस्त्यांव माझे आजोबा. आज वाडीत त्यांचं नाव विचारलं तर लोक 'कोण बस्त्यांव?' म्हणतात. हे मला सहन होत नाही.

बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय. एक पान म्हणजे दोन दिवसांचं काम.

५ जानेवारी, रविवार

चर्चमधून, मासहून आल्यावर पान उघडलं. 'जाणकार' असं नाव घेतलेल्या कोणी तरी माझ्या वाक्यापुढे 'संदर्भ हवा' असं चिकटवलंय. माझ्या! मुलांच्या निबंधांवर मी तांबड्या शाईने जे लिहीत आलो, ते मला!

बीपीची गोळी घेतली. संकल्प: चिडायचं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

संदर्भ सापडला. शाळेचा १९८९ चा वार्षिक अंक, पान १४, लेख 'आमचा किनारा, आमचे वीर'. छापील, म्हणजे भक्कम. लेखकाचं नाव अंकात नाही. तो कोणी लिहिला हे मला माहीत आहे, कारण तेव्हा अंकाचा संपादक मीच होतो. विकीला कळवण्याची गरज वाटत नाही. नम्रता म्हणून एक गोष्ट असते.

लेख त्या वर्षी गॅदरिंगला बसवलेल्या नाटकावरून घेतलेला आहे. ते नाटक कोणाचं, हाही मुद्दा गौण.

११ जानेवारी, शनिवार

एका टिपेवर थांबणं विद्वानाला शोभत नाही. टिपेच्या पोटात दुसरी टीप घातली: 'मूळ माहिती: हौसाबाई, मुलाखत.' तिच्या पोटात तिसरी: 'हौसाबाई, वय ९१. यांच्या आठवणीवर पूर्ण विसंबू नये.' ते वादळ डोळ्यांनी पाहिलेली वाडीत आता ती एकटीच. मुलाखत अजून घेतलेली नाही, पण ती काय सांगणार हे मला माहीत आहे. तिसरी टीप सावधगिरी म्हणून.

सेव्ह केलं. पानभर तांबडी अक्षरं. चूक विकीची आहे.

१२ जानेवारी, रविवार

पणजीला मुलीला फोन. रॉविना कॉम्प्युटरमधली आहे. म्हणाली, पप्पा, टिपेच्या पोटात टीप घालायची नसते. आतली टीप संपली की विकीला वाटतं बाहेरचीच संपली, आणि उरलेला मजकूर पानावर सांडतो. मी म्हटलं, मग विकीला शिकव. ती हसली. यात हसण्यासारखं काय होतं?

तिला म्हटलं, मी बघतो. रात्री दोन 'रेफ', म्हणजे विकीच्या टिपेच्या खुणा, पुढे-मागे करून ठेवले. आता बरोबर असावं.

१४ जानेवारी, मंगळवार

बरोबर नव्हतं. तिसरी टीप पानावर सांडली होती. सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत: 'हौसाबाई, वय ९१. यांच्या आठवणीवर पूर्ण विसंबू नये.' दोन दिवस तशीच. हौसाबाईच्या नातीने, दीपिकाने, ती मोबाईलवर वाचली आणि आजीला मोठ्याने ऐकवली.

बाजारात हौसाबाईने माझ्या बायकोकडे, लिलियनकडे निरोप दिला: "मास्तराक सांग, माझी आठवण शाबूत आसा. त्याच्या लग्नात जेवाण कमी पडला, तांय माका आठावता."

जेवण कमी पडलं नव्हतं. उशिरा आलं होतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

आतल्या दोन्ही टिपा काढल्या. जड मनाने. आता वाक्यापुढे फक्त एक [१], म्हणजे १९८९ चा अंक. नीटनेटकं दिसतं.

जाणकार विचारतो: लेखाचा लेखक कोण? लेखकाने माहिती कुठून घेतली? सात दिवसांत उत्तर द्या, नाही तर वाक्य काढतो. म्हणजे २४ पर्यंत. बोर्ड रंगवणारा पेंटर भिकाजी २३ ला पानाची प्रिंट नेणार. एका दिवसाचं अंतर. 

लिलियन म्हणते, "हौसाबाय हयाती आसा मगे. जावन इचारा." बायकांना संशोधनाची पद्धत कळत नाही.

१९ जानेवारी, रविवार

हौसाबाईच्या दारावरून तीन वेळा गेलो. तिन्ही वेळा ती अंगणात होती, म्हणून आत गेलो नाही. उद्या नक्की.

२१ जानेवारी, मंगळवार, दुपार

गेलो. आधी माफी मागितली. ती म्हणाली, "बस." मी विचारलं, माझ्या आजोबांनी दोर टाकला तेव्हा तू कुठे उभी होतीस?

तिने हातातलं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तुझो आजो किनाऱ्यार खंय होतो रे, जॉर्जा? तो पडावात होतो. जेवाण करणारो. सातांतलो पयलो वयर इलो आणि रेतीत ओकत बसलो."

मग दोर कोणी ओढला?

"आमी बायलांनी. बापये सगळे मुंबयक. माझ्या आयेच्या हाताची सालटा गेली. मी बारा वर्सांचा, मी पण ओढलंय." मग म्हणाली, "तू नाटक केलंस तेव्हा आमी टाळये वाजयले. म्हटला, पोराक आजाचो अभिमान आसा, असांदे."

घरी येऊन चहा घेतला. दोन कप. दुसऱ्यात साखर घालायची राहिली, ती उन्हामुळे.

२१ जानेवारी, रात्री

शांतपणे विचार केला. (१) एकच साक्षीदार. (२) छापील पुरावा नाही. (३) वय ९१. माहिती मौल्यवान आहे, पण पडताळणी हवी. पुढच्या वर्षी स्वतंत्र पान करावं. त्यात सगळ्या बायकांची नावं घालता येतील. घाई केली तर त्यांच्यावरच अन्याय होईल.

झोप नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

भिकाजी प्रिंट घेऊन गेला. वाक्य पानावर होतं, जसंच्या तसं. मी फक्त एवढंच सांगितलं, की आजोबांचं नाव जरा मोठ्या अक्षरांत घे, पर्यटकांना लांबून दिसायला हवं. तो म्हणाला, "किती मोठा?" मी हाताने दाखवलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

जाणकाराने वाक्य काढलं. काढू दे. ऑइल पेंट त्याला पुसता येत नाही. लिलियनला हे सांगितलं, ती भांडी घासत राहिली.

संकल्प: २६ ला भाषण तीन मिनिटांपेक्षा जास्त करायचं नाही.

२६ जानेवारी, रविवार, संध्याकाळ

झेंडावंदन होऊन सगळे समुद्रावर. पांढरा सदरा घातला होता. सरपंचांच्या डोक्यात आलं, की वाडीतल्या सर्वांत वयस्क व्यक्तीच्या हस्ते पडदा काढायचा. मला कोणी विचारलं नाही. दीपिकाने हौसाबाईला धरून आणलं, सरपंचांनी तिच्या हातात माइक दिला.

पडदा निघाला. बस्त्यांव रॉड्रिग्ज. फूटभर अक्षरं. शिरोड्याहून आलेले पाहुणे फोटो काढायला लागले. हाच क्षण, असं मला वाटलं.

भिकाजीने वाक्य प्रिंटमध्ये होतं तसं उतरवलं होतं. वाक्याच्या शेवटी तांबड्या रंगात [१]. खाली कसलीही टीप नाही.

हौसाबाईला अक्षरं येत नाहीत. जन्मभर मासे विकले, त्यामुळे आकडे येतात. तिने बोर्डावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्यो एक कोण रे, जॉर्जा?"

माइक तिच्याच हातात होता. सगळी वाडी ऐकत होती. तीन मिनिटांचं भाषण खिशात होतं. ते तिथेच राहू दिलं.

मी म्हटलं, "मी."

 खुर्चीत बसायला तिने माझा हात धरला. तिच्या तळहातावर आडवा वण आहे, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. मी तिच्याकडून तीस वर्षं बांगडे घेतले, सुटे पैसे घेतले. कधी बघितला नाही. लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

सगळे गेल्यावर भिकाजीला गाठलं. म्हटलं, आजोबांच्या नावाखाली एक ओळ घाल, दोर बायकांनी ओढला म्हणून. नावं हौसाबाई सांगेल.

तो डबा हलवून म्हणाला, "रंग आसा, मास्तर. पण जागा खंय आसा? आजोबांचा नाव एवढा मोठा करूक तुमीच सांगितलात."