उडत नाही म्हणून दिलेल्या पक्ष्याबद्दल

तीर्थस्वरूप राधाकिशन दाजींना वडवणीहून आश्रुबाचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवावं. आक्काच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन नीट झालं हे ऐकून जिवाला बरं वाटलं. इकडं आम्ही सगळे ठीक. (विहिरीचा तळ दिसतो, टँकर एक दिवसाआड येतो, एवढं सोडून ठीक.) फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मधेच हसता, आणि मी अजून त्या अवस्थेला आलेलो नाही. अक्षर सांभाळून घ्यावं.

विषय पिंट्याचा. आक्काच्या पहिल्या ऑपरेशनमुळं तुम्ही दिवाळीनंतर त्याचा पिंजरा माझ्या ओट्यावर आणून ठेवला आणि म्हणालात, "आश्रुबा, पंख कापलेले हायेत, उडत न्हाई. घरात खुशाल मोकळा सोड." तुमचा शब्द मी प्रमाण मानला. गावाला कॉकाटिल (तुऱ्याचा छोटा पोपट) हा शब्द काही पेलला नाही. सगळे कॉकटेल म्हणू लागले, आणि दूध सोसायटीच्या चेअरमनकडं, म्हणजे माझ्याकडं, रोज संध्याकाळी कॉकटेल असतं, ही बातमी पार आष्टीपर्यंत गेली. ते असो.

आल्या आल्या पिंट्या फळीवरून उडायला गेला आणि दगडासारखा फरशीवर आदळला. छाती फुटून रक्त आलं. मांजर दारातच होतं. सत्यभामानं झेप घेऊन त्याला पदरात उचललं आणि माझ्याकडं, स्वतःच्या नवऱ्याकडं, असं पाहिलं, जसं काही पंख मीच कापले. सोसायटीचे जनावरांचे डॉक्टर आले. जन्मभर म्हशी बघितलेला माणूस. त्यांनी आधी चष्मा पुसला. मग पंख उलगडून म्हणाले, फारच आखूड कापलेत, पाखराला अलगद उतरतासुद्धा येत नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात खाली गोधड्या अंथरलेल्या आहेत. (त्यावर माणसांनी पाय द्यायचा नाही.)

उन्हाळ्यात त्याची पिसं गळायला लागली. आम्ही म्हणालो, दुष्काळ आहे, बैलांचेही केस झडलेत. कापलेलं पीस गळून त्या जागी नवं, पुऱ्या लांबीचं पीस येतं, हे तुम्ही सांगितलं नव्हतं, दाजी. पिंजऱ्याच्या वरच्या कडेला घट्ट धरून तो रोज जोरजोरात पंख मारायचा. मी म्हणायचो, उकडतंय गरिबाला, वारा घेतोय. तो तालीम करत होता.

त्यात त्याला शिट्टीचा नाद. टँकरवाला सिदू गावात शिरताना तोंडात बोटं घालून लांब शिट्टी मारतो. पिंट्यानं ती हुबेहूब उचलली. सत्यभामासुद्धा फसून घागर घेऊन वेशीपर्यंत जाऊन आली.

आता मूळ प्रकार. सोसायटीच्या ऑफिसात चाऱ्याचे भारे भरलेले, म्हणून सभा आमच्या अंगणात मांडव घालून ठेवली. विरोधी गटाच्या आप्पारावांनी माझ्यावर अविश्वासाचा ठराव आणला. त्यांचं म्हणणं, चाऱ्याची गाडी पहिल्यांदा चेअरमनच्याच गोठ्यापुढं का म्हणून थांबते? (गोठा रस्त्याला लागून आहे. गाडी रस्त्यावरच थांबणार. हे कुणी ऐकूनच घेईना.) हात वर करा म्हणाले. हात वर जाऊ लागले, दाजी, आणि त्यात आपल्या धुळाजीचा, माझ्या सख्ख्या चुलतभावाचा हातही होता. तेवढ्यात घरातून पिंट्या बाहेर आला. चालत नव्हे. हवेतून.

माणसांच्या डोक्यावरून त्यानं मांडवाला फेरी मारली, आप्पारावांच्या पटक्यावर उतरला, तुरा उभा केला आणि सिदूची शिट्टी घातली. वर गेलेले हात खाली आले. बघता बघता अंगण रिकामं. सगळं गाव घागरी, डबे, बादल्या घेऊन वेशीकडं पळालं. उरलो मी आणि मान ताठ धरून बसलेले आप्पाराव.

"आश्रुबा, डोक्यावर काय हाय माझ्या?"

"कॉकटेल," मी म्हणालो.

"उतरव रं आधी."

मी हात लावायला गेलो आणि पिंट्या भिंतीवरून बाहेर, थेट कडुलिंबाच्या शेंड्यावर. वर पाखरं उचलणारा शिकरा घिरट्या घालत होता. पिंट्या वर चढायला शिकला होता, एवढ्या उंचावरून खाली उतरायला नाही. नुसता मान वाकडी करून बघत बसला. सत्यभामा खाली पदर पसरून उभी. टँकर नाही म्हणून चिडून परतलेलं गाव तिच्याकडं बघून घागरी खाली ठेवून झाडाखाली जमलं. आप्पारावांनी स्वतः पटका सोडून दोघांना झोळीसारखा धरायला लावला. मी शिकऱ्याला हाकलायला ताट बडवत होतो. ऊन डोक्यावर आलं, पिंट्या चोच उघडून धापा टाकू लागला. तो आता जातो, असं वाटून मी ताट आणखी जोरात बडवलं.

अखेर खरा टँकर आला. सिदूनं शिट्टी मारली. लिंबातून उत्तर गेलं, आणि पिंट्या वेडावाकडा घसरत टँकरच्या टपावर येऊन पडला. सत्यभामानं त्याला ओंजळीत घेतलं. पहिली घागर तिची भरून दिली लोकांनी.

पण सभा पुन्हा बसली, अविश्वासाचं पुढच्या सभेवर ढकललं, आणि ठराव झाला की पुढच्या सभेआधी चेअरमनच्या पाखराचे पंख कापावेत. सगळ्यांचे हात वर. (माझाही गेला. मी शुद्धीत नव्हतो.) डॉक्टर कात्री हातात घेत नाहीत. तरी तुम्ही लगोलग येऊन पंख कापावेत, नाहीतर पाखरू घेऊन जावं.

आक्कास नमस्कार.

आपला,
आश्रुबा

ता.क. — वरचं बोलावणं आप्पारावांना वाचून दाखवायला लिहिलंय. तुम्ही येऊ नका. पंख कापणं धोक्याचं आहे, असं तुमच्या पुण्यातल्या एखाद्या पाखरांच्या डॉक्टरकडून शिक्क्यानिशी लिहून धाडा.

आणखी एक — तेही धाडू नका. आत्ता आप्पाराव चहा पिऊन गेले. सत्यभामाच्या नावानं दोन म्हशी आहेत, म्हणून तीही सभासद आहे, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. पुढच्या सभेत चेअरमनपदाला त्यांच्या बाजूनं तिचं नाव आहे. पंखांना कात्री लावायची नाही, एवढी एकच अट तिनं घातली, ती त्यांनी मान्य केली. मी विचारलं, मग मी काय करू? म्हणाली, "तुमचं तुमी बगा." पाखरू आता इथंच राहणार. तुमच्या गॅलरीत पिंजऱ्याची जागा मोकळी असेल, तर मी थोडे दिवस तिकडं येऊ का?