न्याहारीचे विचारलेत म्हणून

अबू धाबी,
दि. २५ ऑक्टोबर २००२

तीर्थस्वरूप गं. भा. आई यांच्या चरणी हेमचंद्राचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पोहोचले. मोतीबिंदूचे ऑपरेशन निर्विघ्न पार पडले आणि आपण आता वर्तमानपत्र स्वतः वाचू लागलात, हे कळून समाधान वाटले. तरीही माझी पत्रे पूर्वीप्रमाणे शेजारचा धनंजयच मोठ्याने वाचून दाखवतो, असे त्याने आपल्या पत्राखाली लिहिले आहे. ते ठीकच आहे. माझे अक्षर बारीक असते, अशी प्रज्ञाचीही तक्रार होती.

येथील हवा आता उतरली आहे. सकाळी गॅलरीत बसता येते. मुसफ्याच्या कारखान्यात काम भरपूर आहे. माझी प्रकृती उत्तम आहे.

कंपनीने तीन आठवडे व्हिएन्नाला प्रशिक्षणासाठी पाठवले, तेथे 'दूध नाही, अंडे नाही, मांस नाही अशा माणसाने सकाळी पोटात घातले तरी काय,' असे आपण विचारले आहे. दोन पत्रांत विचारले आहे. तेव्हा उत्तर सविस्तर देणे माझे कर्तव्य आहे.

नृसिंहवाडीला प्रज्ञाच्या अस्थी विसर्जित केल्यानंतर मी दूध सोडतो असे म्हणालो, त्या वेळी आपण म्हणाला होतात, "जावईबापू, लोक कारलं सोडतात, दोडका सोडतात. तुम्ही एकदम चहाच्याच मुळावर उठलात." इतके बोलून आपण हसलात आणि लगेच पदर तोंडाला लावलात. दूध सोडले म्हणजे दही, लोणी, तूपही सुटले. अबू धाबीत त्याची अडचण होत नाही. पोहे तेलातच होतात, आणि कोऱ्या चहाची जिभेला सवय होते.

व्हिएन्नात पहिल्याच सकाळी अडचण आली. हॉटेलच्या टेबलावर चीज, लोणी, उकडलेली अंडी आणि डुकराच्या मांसाचे काप अत्यंत नीटनेटके मांडले होते. वाढणाऱ्या मुलीने विचारले, दुधाची ॲलर्जी आहे का. मी म्हणालो, नाही. मग धर्मात चालत नाही का. मी म्हणालो, उत्तम चालते. अखेर मी खरे कारण सांगितले, "आय हॅव लेफ्ट मिल्क." ती मुलगी वळून टेबलांवर पाहू लागली, मी दूध कोठे विसरून आलो ते शोधण्यासाठी. 'सोडणे' या आपल्या शब्दाला इंग्रजीत जागाच नाही.

त्या वेळी समोर आमच्याच कंपनीच्या खरेदी विभागातील कर्णिक बसले होते. त्यांनी त्या मुलीला एकच शब्द सांगितला, "व्हीगन." तिचा चेहरा उजळला. तिने वहीत नोंद केली आणि मला सुकी भाकरीवजा पोळी व एक केळे आणून दिले. मी कर्णिकांना अर्थ विचारला. ते म्हणाले, "शाकाहाराच्या वरची इयत्ता. अभिनंदन, न शिकता पास झालात."

केळ्यावर तीन आठवडे काढणे शक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वी आम्ही चालत तेथील जुन्या बाजारात गेलो. जर्मन भाषा दोघांनाही येत नव्हती. एका दुकानात बरण्यांमधून ऑलिव्ह, काबुली चण्याचे वाटण आणि तिळाचा हलवा मांडलेला होता. कर्णिकांनी दुकानदाराकडे एकदा निरखून पाहिले आणि सरळ आपल्या आखाती अरबीत विचारले, "हलीब माफी? बैद माफी?" म्हणजे, दूध नाही ना, अंडे नाही ना. 'माफी' म्हणजे येथे 'नाही'. तो मनुष्य इजिप्तचा निघाला. तो इतका हसला की त्याला बरणी खाली ठेवावी लागली. "माफी, हबीबी, माफी," असे म्हणत त्याने आम्हांस स्टुलांवर बसवले आणि आतून 'फूल' आणले. फुलाशी त्याचा संबंध नाही. ती पावट्यासारख्या दाण्यांची उसळ असते, वर लिंबू आणि ऑलिव्हचे तेल.

"बघा," कर्णिक म्हणाले, "दूध माफ झालं तुम्हाला."

त्यानंतर रोज आम्ही शोध घेऊ लागलो. एका बेकरीत शहाजिरे घातलेला, राय नावाच्या धान्याचा काळा पाव मिळे. त्यात दूध वा लोणी नसते, हे कर्णिकांनी बेकरीवाल्या म्हाताऱ्याकडून गाईचे चित्र काढून आणि त्यावर फुली मारून वदवून घेतले. त्या पावावर जर्दाळूचा मुरंबा लावला असता आपल्याकडच्या गुळांब्याची आठवण होते. आणखी एका दुकानात सोयाबीनच्या दुधात भिजवलेले ओट्स मिळत. त्याला 'दूध' म्हणतात म्हणून मी नाकारले. कर्णिक म्हणाले, "गाईनं दिलं नाही, म्हशीनं दिलं नाही. संकल्प जनावराचा केलात की शब्दाचा?" मी एक दिवस विचार केला आणि दुसऱ्या दिवशी घेतले.

कर्णिक स्वतः मासे खाणाऱ्या घरातले. रात्रीच्या जेवणात ते सर्व काही चवीने खात. मी एकदा म्हणालो, आपण माझ्यासाठी सकाळी उपाशी राहू नये. ते म्हणाले, "उपाशी कुठे? सकाळ तुमची, संध्याकाळ माझी. एकट्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही."

न्याहारीची हकीकत येथे संपते.

चि. धनंजय यास आशीर्वाद. येथपर्यंत मोठ्याने वाचलेस तेवढे पुरे. पुढील दोन पाने वाचू नकोस. ती आईंच्या हाती दे आणि त्यांचा चष्मा आणून दे. अक्षर मोठे काढले आहे.

आई, आता आपण एकट्या वाचत असाल असे धरून लिहितो.

मागील पानांवर मी जेथे जेथे 'कर्णिक म्हणाले' असे लिहिले आहे, तेथे कृपया 'म्हणाल्या' असे वाचावे. 'होते' आहे तेथे 'होत्या'. माझ्याकडून व्याकरणाची चूक सहसा होत नाही, हे आपण जाणता. लग्नापूर्वी प्रज्ञाने मला लिहिलेल्या पत्रांतील ऱ्हस्वदीर्घ मी तांबड्या शाईने सुधारून परत पाठवले होते, आणि आपण त्यावरून माझी चारचौघांत थट्टा केली होती. तेव्हा ही चूक नाही. धनंजयच्या तोंडून प्रथम आपल्या कानी पडू नये, म्हणून मी तसे लिहिले.

त्यांचे नाव ममता कर्णिक. वय अठ्ठेचाळीस. मूळच्या ठाण्याच्या. यजमान जाऊन सात वर्षे झाली. एक मुलगी बंगळूरला शिकते. आमच्या कंपनीत चार वर्षांपासून आहेत, पण व्हिएन्नापर्यंत आमचे बोलणे पंपांच्या ऑर्डरीपलीकडे गेले नव्हते.

आता जे लिहितो ते आपणांखेरीज कोणास सांगता येणार नाही, कारण दूध सोडताना साक्षीला आपण होतात.

प्रिय वस्तू सोडावी, म्हणजे रोज तिची उणीव भासते, आणि त्या उणिवेबरोबर गेलेल्या माणसाची आठवण येते. मी तरी असेच समजून दूध सोडले. आम्ही दोघे रोज सकाळी गॅलरीत एकत्र चहा घेत असू. प्रज्ञा माझ्या चहात दूध जरा जास्त घाली. ती गेल्यावर रोज सकाळी कोरा चहा कडू लागे, आणि तो तसा लागावा हीच माझी इच्छा होती. दोन वर्षे तो लागला.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी बाजाराबाहेरच्या बाकावर आम्ही तो काळा पाव खात होतो. ममताबाई त्या बेकरीवाल्याची नक्कल करत होत्या. मी हसलो. दुपारी वर्गात बसलो असताना अचानक ध्यानी आले की सकाळपासून मला प्रज्ञा आठवली नाही. दूधही आठवले नाही. न्याहारी उत्तम होती, आई. मला कशाचीही उणीव भासली नाही.

मला फार भीती वाटली. दुसऱ्या सकाळी मी बाजारात गेलो नाही. हॉटेलातच केळे खाल्ले. ममताबाई त्या इजिप्शियन माणसाच्या दुकानात माझी वाट पाहत बसून राहिल्या. तो सारखा विचारत राहिला, "वेन बाबा?" म्हणजे बाबा कुठे आहेत. आपल्यासारखेच तिकडेही नवऱ्याचे नाव न घेता 'मुलांचे बाबा' म्हणण्याची पद्धत असावी. ममताबाईंनी ते मला दुपारी वर्गाबाहेर सांगितले, पण हसून सांगितले नाही. म्हणाल्या, "उपास करायचा तर सांगून करावा, दातार साहेब. समोरचा माणूस फुलाची वाटी घेऊन गार होत बसतो."

मी त्यांना तेथेच सर्व सांगितले. प्रज्ञाचे आजारपण, नृसिंहवाडीचा घाट, चहा. त्या म्हणाल्या, "माझे यजमान गेल्यावर मी मोगरा सोडला. पहिल्या वर्षी बाजारातून जाताना नाक दाबायचे. आता नुसता सोडलेला आहे. त्यात त्यांचा काही अपमान झाला असं मला नाही वाटत."

गेल्या पंधरवड्यात खोर फक्कानला बंदराशेजारच्या आमच्या पंपगृहाची पाहणी होती. परतताना ममताबाईंनी सुरमई घेतली. ती पिशवी त्यांच्या हातात असताना, समुद्रकाठी, ड्रायव्हर नमाजाला गेलेला असताना, मी त्यांना विचारले. इतक्या अयोग्य वेळी मी आयुष्यात काही विचारलेले नाही. त्या म्हणाल्या, "ही पिशवी धरता का जरा? असं हातात मासे घेऊन मला हो म्हणायचं नाही." मी धरली. त्यानंतर त्यांनी विचारले, "मिरजेच्या आईंना कळवलंत?"

मी म्हणालो, नाही.

"मग आधी त्यांना लिहा. रागावल्या तर रागावू देत, तो त्यांचा हक्क आहे. पण दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. त्यांचं उत्तर कसंही आलं तरी माझं हो ते हो. पण ते येईपर्यंत मी तुमच्या घराचा उंबरठा ओलांडणार नाही."

म्हणून हे पत्र.

मी आपली परवानगी मागत नाही. मागितली तर आपण नाही म्हणणार नाही, मनातून कितीही जड गेले तरी. अशी परवानगी घेणे मला उचित वाटत नाही. प्रज्ञाच्या जागी कोणी येत आहे, असेही मी म्हणणार नाही. त्या गॅलरीतील तिची खुर्ची तिचीच आहे, आणि ममताबाईंनी स्वतःसाठी वेगळी आणण्यास आताच सांगून ठेवले आहे.

मला भय आहे ते एकाच गोष्टीचे. माझी आई मी कॉलेजात असताना गेली. त्यानंतर मला कोणी 'जेवलात का' असे विचारले नाही, ते आपण विचारलेत. प्रज्ञा गेल्यावर हे नाते कागदोपत्री संपले होते. तरी आपण दर महिन्याला पत्र लिहीत राहिलात, आणि प्रत्येक पत्रात माझ्या पोटाची चौकशी केलीत. ते पत्र यायचे थांबले तर मी ते कोणाकडेही मागू शकणार नाही. मागण्याचा हक्कच उरणार नाही.

दिवाळीला मी दरवर्षीप्रमाणे मिरजेस एकटाच येईन. दार उघडताना आपण मला काय म्हणून हाक माराल, ते आपण ठरवावे. मी उंबरठ्याबाहेर उभा राहून ऐकेन.

आपल्या उत्तरापूर्वी कदाचित लिहू नये, तरी लिहितो,

आपला जावई,
हेमचंद्र