अर्जातला एक रकाना

बाई, त्या सकाळी मी केळीच्या वाफ्यांत पाणी सोडलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सासूबाईंना चहा दिला आणि भुईगावहून केंद्रात आले. महिला मंडळाच्या त्या खोलीत आपण दोघी बायकांचे सरकारी मदतीचे अर्ज भरून द्यायचो. माझी शाळा चौथीत सुटलेली. पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर झालेलं. अक्षर बरं म्हणून तुम्ही मला घेतलंत, आणि अर्ज बिनचूक भरला की आपलं काम झालं, असं मी धरून चालले होते. पाचूबंदरची ती बाई समोर बसली आहे. नवऱ्याची होडी वर्षापूर्वी समुद्रात गेली ती परत आलेली नाही. हातात हिरव्या बांगड्या तशाच. मी तिला काही न विचारता नवऱ्याच्या नावापुढे ‘मयत’ लिहिते आणि रांगेतल्या बायकांसमोर वाचून दाखवते. ती अंगठा न देता उठून जाते. मागून कुणीतरी म्हणालं, “हिनं त कागदावरच मारला गो तिचा नवरा.” बायका हसल्या. मीही हसले.

तुम्ही ओरडला नाहीत. “अर्ज तिचा आहे. तिला सांगू दे, मग लिही,” एवढंच म्हणालात. मग मला घेऊन तीनदा तिच्याकडे गेलात. दोनदा अर्जाचं नावच काढलं नाहीत, तिच्याबरोबर बोंबील सुकत घातलेत. मला कंटाळा आला होता. तिसऱ्या खेपेला ती आपणहून बोलली, “होरी आली नाय, येवढं लिवा. मेला नका लिवू, बाय.” तुम्ही तेच लिहिलंत. तालुक्याहून अर्ज दोनदा परत आला, दोन्ही वेळा तोच मजकूर पुन्हा पाठवलात आणि साहेबांसमोर जाऊन बसलात.

तुम्ही केंद्रातून गेल्यावर तो अर्ज तिसऱ्यांदा परत आला. तिच्या घरी चूल पेटत नव्हती. मी नव्या कागदावर ‘मयत’ लिहिलं, पंचांच्या सह्या घेतल्या आणि वाचून न दाखवता तिचा अंगठा घेतला. मदत सुरू झाली. सांगितलं तर ती मदत सोडून देईल, म्हणून गप्प राहिले. गप्प राहणं सोपं होतं, हेही खरं. पुढे तुमच्या खुर्चीवर बसून नव्या मुलींना मी तुमचंच वाक्य शिकवत आले.

यंदा माझे यजमान गेले. त्यांच्या कागदासाठी कचेरीत गेले तर कारकुनानं मान वर न करता तो शब्द लिहिला आणि सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं. मी सही केली. रडू आलं नाही, रागही आला नाही. घरी येऊन भात लावला. त्यानं मला एकदा विचारायला हवं होतं, एवढंच जेवताना वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी पाचूबंदरला गेले आणि तिच्या कागदावर मी काय लिहिलं होतं ते तिला सांगितलं.