पीर साळूबाईच्या दारात

३ जानेवारी १९७६
मोहरमचा चंद्र दिसला. बाबालाल मुलाण्याने मशिदीपुढे आलाव्याच्या, म्हणजे मोहरमच्या शेकोटीच्या, खड्ड्याची कुदळ मारली. नाल पीर, म्हणजे काठीवर बसवलेला पिराचा पंजा, उचलायचा मान आमच्या घराचा. यंदा माझे गुडघे धरलेत, म्हणून मुलगा हंबीर उचलणार. हंबीर नको म्हणत होता. मीच हट्ट धरला — मान दुसऱ्या घरात गेला तर तोंड कुठे दाखवू?

८ जानेवारी
पंजे पेटीतून काढले, धुतले, रेशमी वस्त्रे नेसवली. हंबीरच्या मनगटाला पिराचा लाल नाडा बांधला. हात गार होता.

९ जानेवारी
पीर दारोदार फिरला. बाया उचलणाऱ्याच्या पायांवर पाणी घालतात, कारण करबल्यात हुसेनची माणसे तहानलेलीच मारली गेली. बाबालाल दरवर्षी हे सांगतो. पीर थांबेल त्या दारातून पाणी घातल्याशिवाय हलवायचा नाही.
आज तो साळूबाईच्या कुलूपबंद दारात थांबला. साळूबाई माझी विधवा भावजय. दिवाळीत मुंबईला भाच्याकडे गेली, हंबीरनेच एस.टी.त बसवून दिले. तिचे विहिरीजवळचे रान आता तोच कसतो.
शेजारच्या धोंडुबाईने पाणी घातले तेव्हा हलला. ती हसली, "आवं, पिराला म्हातारीच्या हातचं पिठलं आठवलं आसंल."
हंबीर घामाने भिजला होता. एवढ्या थंडीत.

१० जानेवारी
पुन्हा तिथेच.

११ जानेवारी
मुद्दाम दुसऱ्या आळीने नेला. तरी वळला.
आमच्या हिने हंबीरच्या पायांवर तांब्या ओतला. पाणी उंबऱ्याशी गेले आणि दाराखालून आत ओढले गेले, कोणी ओठ लावावेत तसे. दुसरा तांब्याही गेला. हलगीवाले वाजवायचे थांबले.
घरी विचारले, "तू वळवतोस का रं त्याला?"
"मी न्हाई आबा. त्योच मला ओढतोय."
झोप नाही. काही चुकले असेल का आमचे?

१२ जानेवारी
कत्तलीची रात, विसर्जनाच्या आदली. बाबालाल दिवेलागणीला आला. "आबा, कुलूप तोडू. आत पान्याची घागर ठेवू. त्याबिगर उद्या ह्यो हलायचा न्हाई."
हंबीर अंगावर धावला. "चावी चुलतीनं मुंबईला न्हेलीया. कुलपाला कुनी हात लावायचा न्हाई."
त्याला असे ओरडताना मी कधी ऐकले नव्हते. जेवला नाही.

१३ जानेवारी
ताबूत थंडे करायला, पाण्यात सोडायला, सारा गाव नदीवर गेला. आमचा पीर तेवढा साळूबाईच्या दारात. हंबीर गुडघ्यांवर बसला. एका हातात पंजा. दुसऱ्या हाताने करदोट्याला बांधलेली चावी सोडली, माझ्यापुढे धरली.
"आबा, तिला पानी द्या."